खुले पत्र : सहावा भाग कुठे गेला?

प्रति,
आशियाई मालिका भारतात दाखवणाऱ्या सर्व ओटीटी मंचांचे खरेदीप्रमुख, सबटायटल विभाग आणि तक्रार निवारण अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी सव्वा वाजता मी डबा उघडला, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि एका थाई मालिकेचा सहावा भाग लावायला गेले. मालिका नव्हती. आदल्या दिवशी होती. पाच भाग बघून झाले होते. आता नाव टाकलं की तिच्याशी दूरचंही नातं नसलेले तीन सिनेमे पुढे येत होते. शेजारी बसलेले आमचे जुळारीकाका म्हणाले, "रेंज नसेल." रेंज होती.

मी चोपन्न वर्षांची. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात सत्तावीस वर्षं मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे पत्र जरा कुरकुरणारं वाटलं तर तो सवयीचा दोष समजा. जुळारीकाका शिशाचे खिळे जुळवायच्या काळात इथे लागले, पुढे संगणकावर आले, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतील. त्यांना पळतं इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी इंग्रजी सबटायटल्स वाचते आणि मराठीत सांगते. एक भाग दोन सुट्ट्यांत होतो. ते आणि मी असेच गेली साडेतीन वर्षं 'बीएल' बघतो.

बीएल म्हणजे 'बॉइज लव्ह', दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या गोष्टी. जपानमध्ये १९७०च्या दशकात मुलींसाठीच्या चित्रकथांत स्त्री-चित्रकारांनी हा प्रकार रुजवला. थाई लोक त्याला 'वाय' म्हणतात, 'याओई' या जपानी शब्दाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून. २०१४च्या 'लव्ह सिक'नंतर थायलंडच्या टीव्हीवर त्याचं मोठं दुकान थाटलं गेलं. '२गेदर', 'किन्नपोर्श', जपानची 'चेरी मॅजिक' ही नावं आता कॉलेजातल्या पोरांनाही पाठ आहेत. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांचं उत्तम चाललं आहे. हे पत्र त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांसाठी आहे. पाच नि आठ भागांच्या, आवाज न चढवणाऱ्या, चांगल्या लिहिलेल्या मालिका. तुम्ही त्या विकत घेता, पण कुठे ठेवल्या ते सांगत नाही आणि एक दिवस न सांगता काढून टाकता.

मी यात आले ती मे २०२०मध्ये. छापखाना बंद होता. भाचीने 'गेमबॉइज' या फिलिपिनो मालिकेची लिंक पाठवली. यूट्यूबवर, फुकट. घरात कोंडलेली दोन पोरं व्हिडिओ कॉलवर भांडतात, जवळ येतात, आणि त्यातल्या एकाचे वडील कोविडने दवाखान्यात असतात. टाळेबंदीतच, घरबसल्या केलेली मालिका. तेव्हा आमच्या गल्लीतही दोन घरं सील होती. मग त्याच वर्षाची 'गाया सा पेलिकुला' पाहिली. आठ भागांची. आर्किटेक्चर शिकणाऱ्या, घाबरट कार्लच्या घरी शेजारचा व्लाद थोडे दिवस राहायला येतो, एवढीच गोष्ट. तिच्यातली माणसं आपण काय बोलतो आहोत याचा विचार करून बोलतात. मुद्रितशोधकाला ही चैन क्वचित मिळते.

मग सवयच लागली. जपानची 'ओल्ड फॅशन कपकेक' (२०२२) पाच भागांत संपते. एकोणचाळीस वर्षांचा नोझुए म्हातारपणाच्या भीतीने आधीच दमलेला, आणि हाताखालचा दहा वर्षांनी लहान तोगावा त्याला तरुण मुलींच्या गर्दीच्या केकच्या दुकानांत घेऊन जातो, उपचार म्हणून. चाळिशीचा कंटाळा इतक्या प्रेमाने कुणी दाखवलेला मी पाहिला नव्हता. 'व्हॉट डिड यू ईट यस्टरडे?' (२०१९) मध्ये एक वकील आणि एक केशकर्तनकार रोज रात्री घरी जेवतात. बाजारभाव, उरलेली भाजी, सासरच्यांसारखे वाटणारे आईवडील. आमच्या काकांना ती सगळ्यात जास्त आवडते. वकील डिस्काउंटमधली भाजी उचलतो तेव्हा ते मान डोलवतात.

थायलंडची 'हीज कमिंग टू मी' (२०१९) चिनी वंशाच्या थाई लोकांच्या चेंगमेंगच्या दिवसापासून सुरू होते. त्या दिवशी घरचे लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन साफसफाई करतात, नैवेद्य ठेवतात. एका तरुणाच्या थडग्यावर कुणीच येत नाही, आणि त्याचा आत्मा दिसतो तो एका परक्या लहान मुलाला. पितृपक्षात ज्याचं पान कुणी वाढत नाही त्याचं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही घराला कळेल. 'मूनलाइट चिकन' (२०२३) पट्टायातल्या चिकन-राइसच्या दुकानात घडते. मालक जिम भाच्याला सांभाळतो आहे, आणि तो भाचा हार्ट नावाच्या कर्णबधिर मुलाशी बोलता यावं म्हणून खुणांची भाषा शिकतो. कोरियाची 'द एट्थ सेन्स' (२०२३) वरवर समुद्रावरच्या लाटांची, आतून लष्करी सेवेहून परतलेल्या एका मुलाच्या नैराश्याची गोष्ट आहे. समुपदेशकाशी तो जे बोलतो ते काकांना सांगताना माझा आवाज दोनदा अडकला. (मूगभाताचा दोष असू शकेल.)

आणि आता ती, जिचा सहावा भाग गेला. '१८० डिग्री लाँगिट्यूड पासेस थ्रू अस', २०२२, आठ भाग. डोंगरातलं एकाकी घर. त्यात एकटा राहणारा, चाळिशी ओलांडलेला इन. तिथे येऊन थडकलेला विशीतला वंग आणि त्याची आई. इन हा वंगच्या आईचा आणि दिवंगत वडिलांचा जुना मित्र. मित्र या शब्दात काय काय होतं, ते हे तिघं आठ भागांत बोलून काढतात. जवळजवळ एकच घर, तीन माणसं आणि न संपणारं बोलणं. हिंदी मालिकांवर वाढलेल्याला हे कंटाळवाणं वाटेल. पण आम्ही दिवाणखान्यातल्या तीन अंकी नाटकांवर वाढलेले. सोफा, खिडकी, तीन पात्रं आणि दुसऱ्या अंकाच्या पडद्याला बाहेर येणारं जुनं सत्य, हे आमचं घरचं अन्न आहे. महाराष्ट्रात या मालिकेला प्रेक्षक नाही असं ज्याने तक्त्यात भरलं, त्याला मी नम्रपणे सुचवीन की त्याने एकदा आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या जुन्या तिकीटखिडकीवर कधीकाळी रांगा लावलेल्यांपैकी कुणाशी तरी बोलावं.

पाचव्या भागानंतर काका फक्त एवढंच म्हणाले होते, "पुढे काय होतं ते मला नीट सांगा हं. घाईघाईत नको." काकांच्या घरी कोण आहे, ते कुणाबरोबर राहतात, हे मी इथे लिहिणार नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

आता तक्रारी. आकड्यांनी मांडते, म्हणजे तुमच्या फॉर्ममध्ये बसतील.

पहिली, न सांगता काढून टाकणं. हक्क ठरावीक मुदतीचे आणि ठरावीक प्रदेशापुरते असतात हे मला समजतं. आमच्याकडे प्रकाशकांचे करारही तसेच असतात. मुदत संपली याबद्दल राग नाही. पण मुदत कधी संपणार हे करारावर सही झाली त्या दिवशीच तुम्हाला ठाऊक होतं. ग्रंथालयसुद्धा पुस्तक बांधणीला पाठवताना पाटीवर लिहितं. बारा महिन्यांची वर्गणी आगाऊ घेणाऱ्याने 'ही मालिका महिनाअखेरीपर्यंतच' एवढी ओळ लिहायला काय हरकत आहे? मी तक्रार केली. पंधराव्या दिवशी उत्तर आलं : मजकुराची उपलब्धता प्रदेशानुसार बदलू शकते. कोल्हापूर तर जागेवरच आहे.

एक गोष्ट बोचते, ती इथेच सांगून टाकते. फेब्रुवारी २०१६मध्ये चीनमध्ये 'अ‍ॅडिक्टेड' ही मालिका चालू असताना उतरवली गेली. पंधरापैकी शेवटचे तीन भाग बाकी होते. पुढे सप्टेंबर २०२१मध्ये तिथल्या सरकारने या प्रकारच्या कथांच्या रूपांतरांवर दारच लावलं. तिथे आदेश होता. इथे कुणाचा आहे? ६ सप्टेंबर २०१८ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना बाहेर काढलं. इथे कुणी दरडावलेलं नाही, आणि तरी आमचेही नेमके तीनच भाग राहिले. बंदीनेही तीन भाग जातात आणि निष्काळजीपणानेही तीनच जातात, बघणाऱ्याच्या वाट्याला सारखंच येतं.

दुसरी, फडताळ. या मालिका तुमच्याकडे शोधायच्या कुठे? मला एक 'मैत्री' या सदरात सापडली, एक 'खाद्यभ्रमंती'त (दुकान चिकनचं, म्हणून!), एक 'कुटुंबासह पाहा' आणि 'फक्त प्रौढांसाठी' अशा दोन्ही शिक्क्यांखाली, दोन वेगवेगळ्या मंचांवर. नाव इंग्रजीत टाकलं तर एक निकाल, थाई नावाचं रोमन रूप टाकलं तर शून्य. परिचयात 'दोन मित्रांचं अनोखं नातं'. अनोखं काय आहे त्यात? प्रेम आहे. तसं लिहा. ज्याला नको तो पुढे जाईल, ज्याला हवं त्याचा शोध वाचेल. सध्या दोघांचीही फसवणूक होते आहे.

तिसरी, वयाचे शिक्के. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तुम्हाला यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए अशा पायऱ्या दिल्या. खोडरबरावर लिहिलेल्या एका नावावरून वर्गात गोंधळ उडतो अशी एक जपानी शाळकरी मालिका आहे. तिला मी 'ए' लावलेला पाहिला. त्याच पानावर, त्याच रांगेत, पहिल्याच दृश्यात तिघांचे गळे कापणारी मालिका १६+ होती. दोन मुलांनी एकमेकांकडे बघणं हे गळा कापण्याहून जड कुठल्या तराजूत भरतं? निकष असेल तर छापा. नसेल तर शिक्का बदला.

चौथी तक्रार माझ्या धंद्याची, म्हणून जरा सविस्तर.

या मालिकांमध्ये प्रेम बऱ्याचदा सर्वनामांत घडतं. थाई भाषेत दोस्तांमध्ये 'कू' आणि 'मुंग' चालतं, आपल्या कट्ट्यावरच्या 'काय रे भावड्या'हूनही रांगडं. त्यावरून एखादा पोरगा अचानक स्वतःला सभ्य शब्दाने संबोधू लागला, किंवा वयाने मोठ्या असलेल्याला 'पी' लावून हाक मारू लागला, की बघणाऱ्या थाई माणसाला कळतं : गेला हा कामातून. कोरियनमध्ये औपचारिक बोलणं सोडून 'ह्योंग' (मोठ्या भावासारखी सलगीची हाक) म्हणायची मोकळीक मिळणं म्हणजे अर्धा रस्ता पार. जपानी मालिकेत आडनावावरून पहिल्या नावावर येणं हा एका भागाचा शेवट होऊ शकतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये या सगळ्याचं काय होतं? 'यू'. आधीही 'यू', नंतरही 'यू'. पडद्यावर एकाचे कान लाल झालेले दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'तू जेवलास का?' काका विचारतात, "लाजला का तो?" मग मला कानाने ऐकलेलं थाई आणि डोळ्याने वाचलेलं इंग्रजी यांची सांगड घालून सांगावं लागतं, "काका, आत्तापर्यंत अरे-तुरे होतं, आता अहो म्हणाला." तेव्हा काका म्हणतात, "असं होय."

मराठीत तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. अरे आहे, अहो आहे. घरातल्या चारचौघांत 'अहो' आणि एकांतात 'अरे' म्हणणाऱ्या बायकांच्या तीन पिढ्या आमच्या घरातच आहेत. या मालिका इंग्रजीत अर्ध्या सांडतात. मराठीत त्या पुष्कळशा शाबूत येतील. 'आय फील यू लिंगर इन द एअर' (२०२३) मध्ये आजचा जोम नावाचा एक वास्तुरचनाकार चियांगमाईच्या पिंग नदीत बुडतो आणि १९२०च्या दशकात वर येतो. तिथला खुन याई ('खुन' म्हणजे श्रीयुत) त्याला जुन्या वळणाने, आदराचा 'पो' लावून 'पो जोम' म्हणतो. इंग्रजी ओळीत नुसता 'जोम' उरतो, म्हणजे त्या हाकेतली शंभर वर्षं गळून पडतात. मराठी भाषांतरकाराकडे राव, पंत, बाळ अशी सगळी पेटी उघडी आहे. काय निवडायचं यावर मी आणि काकांनी दोन दिवस वाद घातला. ते 'राव'च्या बाजूने होते.

मात्र डोकं न वापरता करू नका. एका मंचावरच्या हिंदी डबिंगमध्ये 'पी'चं सरसकट 'भैया' केलं होतं. प्रियकर प्रियकराला चांदण्यात 'भैया' म्हणतो. काकांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. कोशातला अर्थ बरोबर होता, कोशाबाहेरचा गेला. मराठीत 'दादा' केलंत तरी हेच होईल. 'पी' तसाच ठेवा. कोरियन मालिकांतला 'ओप्पा' (मुलीने दादाला किंवा प्रियकराला मारलेली हाक) शिकलेला प्रेक्षक 'पी'ही शिकेल.

पाचवी, 'या मालिकांना प्रेक्षकच नाही' हे वाक्य. ते मला तुमच्या मदतकक्षातल्या एका सभ्य मुलाने ऐकवलं. त्याचा दोष नाही, त्याला ते लिहून दिलेलं होतं. पण ज्या मालिकेची जाहिरात नाही, जिचं सदर चुकीचं, भाषांतर उणं आणि मुदत गुप्त, तिला कुणी पाहिली नाही हा पुरावा कशाचा? आमच्या भाषेत एका मुलीच्या मुलीवरच्या प्रेमाचं नाटक, तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट', १९८१ साली रंगमंचावर आलं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा मुलगा आणि त्याचा गावाकडचा मित्र यांच्या प्रेमावरचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. मराठी माणूस या गोष्टीला बिचकतो असं धरून चालू नका. बिचकणारेही आहेत, आमच्याच छापखान्यात दोन आहेत. ते फोनकडे पाठ करून जेवतात, पण काल एकाने विचारलं, त्या आठ भागवालीचं पुढे काय झालं.

न्यायाने हेही लिहिते की सगळं वाईट नाही. थायलंडच्या जीएमएमटीव्हीसारख्या निर्मात्या आपल्या बऱ्याच मालिका स्वतःच यूट्यूबवर इंग्रजी सबटायटल्ससकट ठेवतात. तुमच्यापैकी एकाने मागच्या वर्षी एका तैवानी मालिकेचे सगळे भाग एकदम आणले, सबटायटल्समध्ये मला आठ भागांत चारच चुका सापडल्या. हे शक्य आहे, एवढाच त्याचा अर्थ. भाची म्हणते, "मावशी, कशाला पत्रं लिहितेस? टेलिग्रामवर सगळं मिळतं." मिळत असेल. फूटपाथवर आमच्या छापखान्यातल्या पुस्तकांच्याही चोरट्या प्रती मिळतात, काना-मात्रा खाल्लेल्या. त्या विकत घेणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडले. आता स्वतः तेच करू?

मागण्या अशा :

मालिका काढण्यापूर्वी किमान तीस दिवस तिच्या पानावर तारीख लिहा, आणि ज्यांनी ती अर्धी पाहिली आहे त्यांना संदेश पाठवा. कुणी किती पाहिलं हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. 'अजून बघताय ना?' असं दर तासाला विचारता की.

या मालिकांना त्यांच्या नावाने स्वतंत्र सदर द्या. मूळ नाव, रोमन रूप आणि देवनागरी, तिन्हींनी शोध लागला पाहिजे.

वयाच्या शिक्क्याचा निकष लिहून जाहीर करा आणि तोच स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथांनाही लावा.

मराठी सबटायटल्स द्या. शंभर मालिकांना नको, वर्षभरात पाचांना द्या. वर लिहिलेल्यांतून निवडा, भांडण नाही. भाषांतर करणाऱ्याला योग्य मोबदला द्या, त्याचं नाव शेवटी दाखवा, आणि छापण्याआधी कुणा मुद्रितशोधकाला वाचू द्या. (मी अर्ज करत नाही. केलाच तर वेगळा करीन.) कर्णबधिर प्रेक्षकांसाठी आवाजाच्या नोंदीही त्यातच द्या. 'मूनलाइट चिकन'सारखी मालिका हार्टसारख्याच मुलाला नीट बघता येऊ नये, हे बरं दिसत नाही.

आणि '१८० डिग्री'चे हक्क पुन्हा घ्या. ते जमणार नसेल तर भारतात ती आता कुणाकडे आहे, एवढं तरी एका ओळीत कळवा. मी तिकडची वर्गणी भरीन. पाचवा भाग पुन्हा बघणार नाही, काकांना तो पाठ आहे. त्यांचा शेवटचा दिवस ३१ मार्च. रोजच्या सुट्टीत अर्धा भाग धरला तर तीन भागांना सहा दिवस लागतात, रविवार सोडून.

कळावे,
आपली वर्गणीदार,
एक मुद्रितशोधक, कोल्हापूर

ता.क. : तुमच्या पंधराव्या दिवसाच्या उत्तरात 'निवारण'मधला 'वा' ऱ्हस्व पडून 'निवरण' झालं आहे, आणि 'उपलब्धता'तला 'ध' गळून 'उपलब्ता' उरली आहे. दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे. तिचा मोबदला घेणार नाही.